सोमाजींचे तीन खटके

८ नोव्हेंबर. त्या दिवशी ढोली लिंपायची होती. दिघोरीहून माझ्या भावाकडचं नवं धान आठवडाभरात येणार होतं, आणि आमची धानाची ढोली, बांबूच्या कमच्यांची, माणसाहून उंच, पावसाळ्यात उंदरांनी खालून पोखरून ठेवलेली. शेण-माती कालवली, पदर खोचला आणि ढोली भिंतीपासून ओढली. मागे पाहते तर भिंतीला बोटभर भोक. ताजंच. खाली माती सांडलेली. त्या भोकातून दोन तारा बाहेर आलेल्या, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, पिवळट धाग्यात गुंडाळलेल्या, टोकं तेवढी उघडी आणि लालसर. सापाची जीभ दिसते तशी दिसली मला ती.

मी शेणाचा हात मागे घेतला. तेवढ्यात भिंत बोलली.

"हात लावू नोका म्हना. अजून बांधाची आहे."

मीही भिंतीलाच विचारलं, "काय बांधाचं आहे म्हना? आन् माह्या घराले भोक पाडाच्या आंधी इचारलं होतं का कोनाले?"

पलीकडे फक्त 'खट्' असा एक आवाज झाला.

आता हे समजावून सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला आम्ही दोघंही वेडी वाटू. भिंतीपलीकडे सोमाजी राहतात. माझ्या नवऱ्याचे, दिनकरचे, ते सख्खे भाऊ नव्हेत, पण एकाच गल्लीतले आणि वयानं मोठे, म्हणून नात्यानं माझे भासरे. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून उभी राहत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही. भासराही सुनेला हाक मारत नाही. काही सांगायचं असेल तर मध्ये तिसरं माणूस लागतं. माणूस नसेल तर बकरी चालते. बकरीही नसेल तर भिंत. हल्लीच्या सुना हे पाळत नाहीत. मीही सोडून दिलं असतं. कोशाचा धंदा करणाऱ्या बाईला रोज डझनभर पुरुषांशी घासाघीस करावी लागते. पण सोमाजी पाळतात. मी गल्लीत समोरून आले की ते थांबतात, विजेच्या खांबाकडे तोंड करतात आणि मी जाईपर्यंत खांब नवा असल्यासारखा न्याहाळत राहतात. नाव घेऊ नये, पण कागदावर लिहिलं तर चालतं, असं माझं मी ठरवलं आहे.

आमच्यामधलं तिसरं माणूस म्हणजे त्यांची बायको यशोदाबाई. नात्यानं माझी जाऊ. इकडचं तिकडे नेताना ती त्यात स्वतःचं तिखटमीठ घालायची. सोमाजी म्हणायचे, "तिले सांग, ह्या खेपेचा कोसा ओला आहे." यशोदाबाई येऊन सांगायची, "हे म्हंते का तू फसली, बाई. मी बी तेच म्हंतो." मी म्हणायची, "त्याईले सांगा, माझं मी पाहून घेईन." ती घरात जाऊन काय सांगायची कोण जाणे, पण थोड्या वेळानं वाटीभर भाजी यायची.

सोमाजींची दोन वाक्यं सगळ्या गल्लीला पाठ आहेत. पहिलं, "ह्याची माती कोनती?" कोणी काही नवं आणलं की ते उलटसुलट करून हेच विचारतात. म्हणजे ही वस्तू कोणत्या दगडातून, कोणत्या झाडातून, कुठल्या गावच्या मातीतून निघाली. पितळेची परात असेल तर ठीक, तांबं आणि जस्त. कोशाचं लुगडं असेल तर उत्तम, ऐनाच्या झाडावरचा किडा. दिनकरनं पहिला मोबाइल आणला तेव्हा त्यांनी तो कानाला न लावता नाकाला लावला. "माती समजत नाही बाप्पा. माती नाही समजली तं भरोसा कायचा?"

दुसरं वाक्य, "आन् बंद पडलं तं?" या वाक्यापायी त्यांच्या घरात सगळं दोन-दोन. दोन चुली, विहिरीला दोन दोर. तुमसरच्या बाजाराला जाताना भर उन्हाळ्यात काखेत दोन छत्र्या. दोन मनगटांवर दोन घड्याळं, आणि दोन्हींत वेगवेगळी वेळ, त्यामुळे प्रत्येक गाडीला ते दोन्ही घड्याळांच्या आधी हजर. कोणी हसलं की ते आमच्या जिल्ह्यातून वेगळ्या निघालेल्या गोंदियाकडे बोट दाखवायचे. "एवढा मोठा जिल्हा, कचेरीसकट, सायबासकट, पाहता पाहता तुटला. मंग तुमचा टीवी कोन चीज आहे?"

आमची कोष्ट्यांची गल्ली. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे घरोघर माग होते. कोणाचा माग कसा वाजतो हे सगळ्यांना ठाऊक. एखादा माग जेवणवेळेच्या आधी थांबला की शेजारून आवाज यायचा, "काहून थांबले जी?" मग उत्तर, "तार तुटली", "पाहुने आले". उत्तर आलं नाही तर माणसं हातातलं टाकून धावायची. असा आमचा बंदोबस्त होता. मग एकेक माग बंद होत गेला. शेवटी सोमाजींचा एकच उरला. ते खड्ड्यात पाय सोडून विणायचे, यशोदाबाई मागे बसून, ताण्यातून धावणाऱ्या धोट्यासाठी, रहाटावर सुताच्या कांड्या भरून द्यायची.

यशोदाबाई गेली त्या दिवशीही माग चालूच होता. ती मागच्या अंगणात गेलेली, बोरिंगवर. त्यानंतर सोमाजी पुन्हा विणायला बसले नाहीत, आणि भिंतीपलीकडे जी शांतता आली तिची मला कधी सवय झाली नाही. कोसा उकळताना मध्येच माझा हात थांबतो आणि मी ऐकत राहते. काय ऐकायचं असतं ते माहीत नसतं.

तेराव्यानंतर काही महिन्यांनी सोमाजी नाकाडोंगरीकडून पिशवीभर काळे दगड घेऊन आले. मॅंगनीजचे. दिनकर ओट्यावर बसला होता.

"काय करता दादा ह्याचं?"

"कंप्युटर."

दिनकरला हसू आवरेना. "तुमसरले भेटते ना दुकानात! पडदा असते त्याले, टीवीवानी."

"पडदा पाहाले लागते. इचार कराले पडदा कायले?"

"आन् हे दगड?"

"बॅटरीची माती हेच आहे. सेल फोडून पाह्य. आतमंदी काळं असते ना, तेच."

दिनकरनं घरी येऊन खरंच टॉर्चचा सेल फोडला, माझ्या धुतलेल्या ओट्यावर. आत काळं होतं. मी ओटा पुन्हा धुतला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. नुसतं वेड असेल तर माणूस थकतो. बरोबर निघणारं वेड थांबत नाही.

ते थांबलंही नाही. बालाघाटकडून त्यांनी हिरवट दगड आणले. म्हणे त्यात तांबं आहे. अंगणात भट्टी घातली, दगड कोळशात पुरले आणि भाता मारत बसले. पहिल्या खेपेला दगड नुसते तडकले. दुसऱ्या खेपेला भट्टी तडकली. त्यानंतरही किती वेळा हे झालं याची मी मोजदाद ठेवली नाही, पण गल्लीतला खोकला ऐकून आज भट्टी पेटली की नाही ते कळायचं. शेवटी एकदाचा मुगाएवढा तांब्याचा मणी निघाला. तो तळहातावर घेऊन ते दिनकरकडे आले.

"पाह्य. दगडातून निंगालं."

"दादा, कंप्युटरले किती लागन असं?"

"घमेलंभर."

दिनकर मुगाकडे पाहत राहिला. सोमाजीही पाहत राहिले. मग त्यांनी तो मणी कानाजवळ नेऊन हलवला, काही आवाज येतो का म्हणून, आणि घरी गेले.

तांब्यासाठी शेवटी यशोदाबाईचा माहेरचा गुंड वितळला. पाण्याचा, कळशीहून मोठा, लग्नातला. मला तो प्रकार आवडला नाही. मी भिंतीला खोचून विचारलं, "ह्याची माती कोनती म्हना?" भिंत म्हणाली, "तिच्या बापाच्या घरची."

त्या तांब्याची कांडी करायची, लाल तापवायची, थंड करायची आणि सोनाराकडच्या भोकाभोकांच्या लोखंडी पट्टीतून ओढायची. मग त्याहून बारीक भोकातून. मग त्याहून. तार केसाएवढी होत आली की तुटायची. तुटली की पलीकडून "हात्तिच्या" असं ऐकू यायचं, रोज, भाजी फोडणीला पडण्याच्या सुमारास. उघडी तार एकमेकीला लागली तर काम होत नाही म्हणून तिला धागा गुंडाळायचा. "टाकाऊ कोसा आहे का म्हना?" असं भिंतीनं विचारलं तेव्हा मी एक बोचकं कुंपणावरून फेकलं. ज्या रहाटावर यशोदाबाई कांड्या भरायची त्यावरच ते तारेला कोसा गुंडाळत बसायचे. ती तार मग मागाच्या लोखंडी कांबीवर वेटोळ्या-वेटोळ्यांनी चढवायची. तारेतून बॅटरीची वीज सोडली की कांब समोरची पत्री ओढून घेते. खट्. त्याला ते खटका म्हणायचे. "एक खटका म्हंजे एक इचार," ते दिनकरला सांगायचे. एका विचाराला असा अर्ध्या वर्षाचा वेळ लागत होता. दिनकर म्हणाला, "आपल्या गल्लीच्या मानानं लवकरच आहे."

दिनकरला विनोद सुचतात, कारण तो निम्मा महिना कापड घेऊन नागपूरला असतो. सामाईक भिंतीपाशी मी असते, आणि भिंतीला टेकून माझा कोसा असतो. गोण्यांनी. कोसा भडकत नाही, धुमसतो. केस जळल्यासारखा वास येतो आणि कळेपर्यंत गोणी आतून गेलेली असते. मला भीती वाटते असं मी सहसा म्हणत नाही. भीती वाटली की मी बादली भरून ठेवते. त्या वर्षी आमचं अंगण भरलेल्या बादल्यांनी अडलेलं असायचं.

उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. त्यांच्या भट्टीची ठिणगी उडून कुंपणाअलीकडे आली, आणि वाळत घातलेल्या कोशाची एक टोपली करपली. वास आला तेव्हा मी घरात होते. बादल्या होत्या म्हणून एका टोपलीवर निभावलं. मी भिंतीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे, माझ्या बादल्यांच्या समोरासमोर, तेवढ्याच बादल्या भरलेल्या दिसल्या. भट्टी त्यानंतर पेटली नाही. पण घरातलं काम थांबलं नाही.

मग समोरच्या इंदूबाईनं खिडकीतून पाहिलं. फळीवर मातीच्या बोळक्यांची रांग, प्रत्येकात काळी पूड, कल्हईवाल्याकडचा नवसागर, जस्ताची पट्टी, आणि सगळ्यांना तारा जोडलेल्या. ती धापा टाकत माझ्याकडे आली.

"अव माय, बॉम बनवून राहिले ते!"

"बॉम नाही. कंप्युटर आहे."

"तुले कोनं सांगतलं?"

"भिंतीनं." मी तिला हसवून घालवलं खरं. पण ह्या यंत्रानं करायचं काय, हे भिंतीनंही सांगितलं नव्हतं. दिनकरनं विचारलं तर सोमाजी म्हणायचे, "झाल्यावर समजन." संध्याकाळी भिंतीपलीकडून खट्, थोडं थांबून खट्, मग बराच वेळ काही नाही. मी स्वयंपाक करता करता तिसऱ्या खट्ची वाट पाहायची. तो यायचा नाही.

त्या टोपलीनंतर मी एक ठरवलं होतं. सोमाजींचा पुतण्या रमेश नागपूरला राहतो, चौथ्या मजल्यावर. काकांना घेऊन जायला तो केव्हाचा तयार आहे. काका तयार नाहीत. "चवथ्या मजल्यावर माती कुठून आनू?" मी भिंतीला सांगून ठेवलं होतं, आणखी एक काही झालं तर मी रमेशला बोलावीन. ते घर सोडून गेले तर जगतील की नाही याची शंका मला होती. पण त्यांच्यामुळे माझं घर जळालं तर मी काय करीन ही शंका जास्त मोठी होती.

म्हणून ८ तारखेला, ढोलीमागे त्या तारा पाहिल्यावर, मी हात धुतले आणि रमेशला फोन केला. माझ्या घरात, माझ्या कोशात, तारा. याहून आणखी काय व्हायचं होतं? रमेश म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत गाडी घेऊन येतो, काकू."

मी परत येऊन भिंतीला सांगितलं, "रमेश उद्या येऊन राहिला म्हना. सामान बांधून ठेवा."

मी लिंपायला घेतलं. खालचा घेर झाला. पलीकडे खट् नाही. खोकला नाही. रहाट नाही. मी मुद्दाम घमेलं आपटलं. "आइकलं का म्हना?" काही नाही. माझा हात ढोलीवर थांबला. त्या घरात नवसागर होता, जस्त होतं, आणखी काय काय होतं कोण जाणे. आणि चौथ्या मजल्याला भिणारा एक म्हातारा होता. मी अंगणातली भरली बादली उचलली. आग असो की माणूस पडलेला असो, पाणी लागतंच. आणि पुढच्या दारानं, यशोदाबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच, त्या घरात शिरले.

सोमाजी मागावर बसले होते. खड्ड्यात पाय सोडून, हात मांडीवर. धडधाकट. मला पाहताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि टोपी शोधू लागले. तिसरं कोणी नव्हतं. मी बादली मध्ये ठेवली.

"जिवंत आहे का इचारा," मी बादलीला म्हणाले. "आवाज द्याले काय झालं होतं?"

"इचार करून राहिलो होतो म्हना," ते बादलीला म्हणाले.

मागावर कापड गुंडाळतात त्या जागी एक फळी ठोकलेली, फळीवर तीन खटके. एकाची तार पुढच्या दाराच्या कडीला गेलेली. दुसऱ्याची पाण्याच्या माठाखाली. तिसऱ्याची एका पितळी गडव्यापाशी. गडव्याच्या तळाला बारीक छिद्र, खाली थेंब-थेंब पाणी, आणि आत तरंगणारी लाकडी चकती.

"काय करते हे?" मी विचारलं.

"इचार."

"कायचा?"

"मी उठलो का नाही, याचा."

मी कडी काढून पाहिली. खट्. माठ उचलून पाहिला. खट्. सोमाजी बादलीकडे पाहत सांगत होते: निजताना गडवा भरायचा. दिवस निघून वर येईपर्यंत तो रिकामा होतो. तोवर दार उघडलं असेल किंवा पाणी घेतलं असेल, तर माणूस उठला. यंत्र गप्प. "दोघातलं एक बी नाही झालं, आन् गडवा खाली झाला, तं तिसरा खटका तिकडं वाजवते."

"तिकडं म्हंजे कुठं?"

"ढोलीच्या मांग."

मी बादली विसरले. थेट त्यांनाच विचारलं, "म्हंजे तुम्ही मेले का माह्या घरी घंटी वाजन?"

"मेल्यावर कायले?" त्यांनाही बादलीचा विसर पडला असावा. "मेलेल्या मानसाले घाई नसते. पडलो तं. पडलो आन् आवाज नाही निंगाला तं."

"आन् आवाज आहे तोवर हाक माराची ना जी! अर्ध्या हाताची तं भिंत आहे!"

त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं. "भासरा आहो मी. सुनेले हाक मारते का कोनी?" आणि मग, मागाच्या चौकटीला म्हणाल्यासारखं, "आंधी ती होती मधात."

यशोदाबाई कशी गेली हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ती बोरिंगपाशी पडली. तिनं हाक मारली असेल. कोणालाच ऐकू आली नाही. माग चालू होता. माग चालू आहे म्हणजे त्या घरात सगळं ठीक आहे, असं आम्ही सगळे समजून होतो, मी भिंतीअलीकडे, इंदूबाई समोर. सोमाजींच्या धोट्यातली कांडी संपली. नेहमीसारखा त्यांनी न बघता हात मागे केला. हातात कांडी आली नाही. तेव्हा ते उठले.

हे मी काही तिथे बोलले नाही. खटके वाकून पाहिले. पत्र्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे चांदीचे बारीक तुकडे बसवलेले होते. तांबं काळं पडतं, पितळही पडतं, चांदी वीज अडवत नाही, असं ते आता पुन्हा बादलीला समजावून सांगत होते. चांदी कुठली ते मी विचारलं नाही. एका तुकड्यावर जोडव्याची नक्षी अजून शाबूत होती.

"घंटी कुठं आहे?" मी म्हणाले.

हातातून हातात वस्तू द्यायची सोय नव्हती. त्यांनी बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, आत एक पितळी वाटी आणि तारेचं वेटोळं लावलेलं धोट्याचं टोक ठेवलं आणि बादली माझ्याकडे सरकवली.

ढोलीमागे मी ते बांधलं. लाकडी पाटावर उभं राहून, चिमट्यानं. "झटका बसन का म्हना?" "मुंगीवानी बी नाही." तरी मी पाटावरून उतरले नाही. रमेशला मात्र परत फोन केला नाही. भिंतीत एक यंत्र लावून घेतलं म्हणजे भीती जाते असं नाही. उलट आता माझ्या घरात एक वाटी टांगली होती आणि ती कधीही वाजू शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाजली.

मी कोसा उकळायला ठेवला होता. ऊन कुंपणावर आलं होतं. टण. मला वाटलं भांडं पडलं. टण. मग धोट्याचं टोक वाटीवर एकसारखं आदळू लागलं, टण-टण-टण, मागाच्या लयीत. हातातला झारा हातातच. मी धावले. त्यांचं पुढचं दार आतून बंद. कडी आतून. मी दार ठोकलं. काही नाही. हाक मारायची तर काय म्हणून? सून म्हणून आल्यापासून मी या माणसाला कधी कशानंच हाक मारली नव्हती. 'अहो' नवऱ्याला, 'दादा' दिनकरचा शब्द. आत तो माणूस पडलेला, आणि मी दारात शब्द शोधत उभी.

"सोमाजी!" मी ओरडले. "ओ सोमाजी!"

गल्ली जागच्या जागी थांबली. समोर इंदूबाईच्या हातून झाडू पडला. मी झारा टाकला, पायरीपाशी दगड होता तो उचलला आणि कडीच्या जागी दारावर घातला. एकदा. दुसऱ्यांदा हात वर केला.

"नाव घेतलं म्हना?"

सोमाजी कुंपणाच्या कडेला उभे. तोंडात कडुनिंबाची काडी, तोंड धुतलेलं, हातात दुसरा गडवा, नजर विजेच्या खांबावर.

दगड हातातून सुटत नव्हता.

"मांगच्या दारानं गेलो होतो," ते खांबाला म्हणाले. "बोरिंगवर तोंड धुतलं, पानी बी तिथंच पेलो. ते दार जोडाचं राहूनच गेलं." मग त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "पन वाजलं?"

"वाजलं."

"लय जोरानं?"

"मुडद्याले उठवन एवढं!" मी म्हणाले. खांबाला नाही, त्यांना. "आता काय?"

"चवथा खटका लागन. मांगच्या दाराचा. पाच-सा महिने."

"पाच-सा महिने मी रोज दगड घेऊन धावू? ते काही नाही. उठले का भिंतीवर दोनदा थापटाचं. मी आइकतो."

त्यांनी काडी तोंडातून काढली आणि विचार केला. थापटणं म्हणजे बोलणं नव्हे, हे त्यांच्या नियमात बसत होतं. मान हलली. मग थांबली.

"आन् हात बंद पडला तं?"

"तं मशीन आहे."

हे त्यांना पटलं. ते घरात गेले. मागच्या दारानं.

मी घरी आले. कोसा जास्त उकळला होता, ती खेप हलक्यात जाणार. रमेशला फोन केला. तो निघायच्या तयारीत होता.

"येऊ नको," मी म्हणाले.

"मग काकांचं काय करायचं, काकू?"

"काही नाही. एक दार राहिलं आहे, तेवढं झालं का सांगतो."

मग पदर खोचला, उरलेली शेण-माती पाणी घालून पुन्हा सैल केली, भिंतीतलं भोक तारांभोवती नीट लिंपलं, ढोलीचा वरचा घेर पुरा केला. टाकाऊ कोशाचं एक बोचकं कुंपणावरून फेकलं. ढोली जागेवर नेताना मात्र भिंतीला चिकटवली नाही. वाटीचा आवाज दबेल म्हणून हातभर जागा सोडली. तेवढ्या जागेत उंदीर होतील. ते पाहून घेता येईल.